टर्बो लावायचा की इंजिनच बदलायचं? पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

टर्बो नसलेल्या साध्या इंजिनाची गाडी काही वर्षं चालवली की कधीतरी मनात येतंच, की बाकी सगळं ठीक आहे, पण अजून थोडी ओढायला हवी होती. मग दोन वाटा दिसतात. आहे त्या इंजिनात जादा हवा दाबून भरणारा टर्बो बसवायचा, नाहीतर ते उतरवून त्या जागी दुसरं, दमदार इंजिन बसवायचं. या दुसऱ्या कामाला सगळे स्वॅप म्हणतात, मीही तेच म्हणतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. टर्बोचं काम लवकर उरकतं आणि कटकट नंतर सुरू होते. स्वॅपमध्ये सगळी कटकट आधी भोगायची, मग गाडी मुकाट चालते. ताकद दोन्हीकडे मिळते. म्हणून ‘कशात जास्त ताकद?’ असं विचारत बसू नका. तुम्हाला त्रास कधी परवडतो आणि तुमच्याकडे कोणतं कसब आहे, ते आधी ओळखा.

आधी आहे त्या इंजिनाची तब्येत बघा

सुटे भाग शोधायला बसण्याआधी हे करा. इंजिन नेहमीच्या तापमानाला आणा, सगळे स्पार्क प्लग काढा, इग्निशन आणि इंधनाचा पुरवठा बंद करा. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि एकेका सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावून सेल्फ मारा. गेजचा आकडा किती उंच आला यापेक्षा सिलिंडरांमध्ये आपसात फरक किती आहे ते महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर छान. त्याहून जास्त फरक दिसला तर कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे बघा.

जमलं तर लीक-डाउन टेस्टही करून घ्या. त्यात सिलिंडरमध्ये हवा भरतात आणि किती टक्के गळते ते मोजतात. गळती दहा टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त राहा, वीसच्या पुढे गेली तर टर्बोचा विचार सोडा. थकलेल्या इंजिनाला टर्बो लावणं म्हणजे दमेकऱ्याला डोंगरावर पळवणं. अशा इंजिनाला एकतर पूर्ण खोलून नव्याने बांधावं लागतं, नाहीतर बदलावं लागतं. पुष्कळ जणांचा निर्णय या एका तासाच्या तपासणीतच लागतो.

त्याच आठवड्यात कागदपत्रांचंही विचारून घ्या. इंजिन नंबर बदलला तर नोंदणीत बदल करावा लागतो का, उत्सर्जनाची चाचणी कशी होते, विमा कंपनीला काय कळवायचं. हे नियम जागोजागी वेगळे असतात आणि काही ठिकाणी असे बदल चालतच नाहीत. इंजिन उतरवून झाल्यावर हे कळण्यात काही अर्थ नाही.

अर्धा बार बूस्ट म्हणजे नेमकं काय मिळतं

साधं इंजिन स्वतःच्या श्वासावर चालतं. पिस्टन खाली जातो, पोकळी होते आणि बाहेरची हवा आपल्या दाबानं आत शिरते. हा दाब समुद्रसपाटीला साधारण एक बार असतो. टर्बो सायलेन्सरकडे चाललेल्या गरम वायूवर एक चाक फिरवतो आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकानं हवा दाबून आत ढकलतो. या जादा दाबाला बूस्ट म्हणतात. ०.५ बार बूस्ट म्हणजे आत एकूण दीड बार. मग हवा दीडपट, ताकदही दीडपट? इथेच नवखे फसतात.

हवा दाबली की तापते. बाहेर ३० अंश सेल्सिअस असेल आणि कॉम्प्रेसर बऱ्यापैकी कार्यक्षम, म्हणजे ७० टक्क्यांच्या आसपास असेल, तर दीडपट दाबलेली हवा सुमारे ८३ अंशांवर जाते. गरम हवा विरळ असते, त्यामुळे प्रत्यक्षात हवा जेमतेम २८ टक्के वाढते. तीच हवा इंटरकूलरमधून फिरवून ४५ अंशांवर आणली तर वाढ ४३ टक्क्यांवर जाते. पाइपांमधली घट आणि एक्झॉस्टचा उलटा दाब धरला तर हातात त्याहून थोडं कमीच येतं. ‘कमी बूस्ट आहे, इंटरकूलर कशाला?’ असं कोणी म्हणालं तर त्याला हे दोन आकडे दाखवा. शिवाय तापलेली हवा नॉकिंगला आमंत्रण देते, ते वेगळंच.

नॉकिंग हा खरा शत्रू

ठिणगी पडते, ज्योत पसरायला लागते. ती पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं उरलंसुरलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपणहून पेट घेतं. बाहेर पत्र्याच्या डब्यात खडे वाजल्यासारखा आवाज येतो. आत पिस्टनच्या रिंगांमधल्या पातळ कडा तुटतात, हेड गॅस्केट उडतं. साध्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण, मुळातच चढं असतं, बहुतेकदा १० किंवा ११ ला एक. कारखान्यातून टर्बोसह येणारी जुन्या पिढीची इंजिनं साडेआठ-नऊवर ठेवलेली असत, ती याचसाठी. नव्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यानं आतली हवा थंड होते, म्हणून त्यांना चढं कॉम्प्रेशन झेपतं.

मोटारींमध्ये टर्बो पहिल्यांदा विक्रीला आला तेव्हाच हा पेच समोर आला होता. १९६२ मध्ये अमेरिकेत दोन टर्बो गाड्या आल्या. शेव्हरोलेनं कॉर्व्हेअर स्पायडरचं कॉम्प्रेशन ८ ला एक असं उतरवून घेतलं. ओल्ड्समोबिलनं जेटफायरमध्ये १०.२५ ला एक असं चढंच ठेवलं आणि नॉकिंग टाळायला पाणी-मिथेनॉलचं मिश्रण फवारायची सोय केली. त्याची वेगळी टाकी होती आणि ती मालकानं भरत राहायची होती. मालक विसरायचे. टाकी रिकामी झाली की यंत्रणा बूस्ट तोडायची आणि गाडी मलूल व्हायची. पुढे बऱ्याच जेटफायरचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवले गेले. साठ वर्षं झाली, पण चढ्या कॉम्प्रेशनच्या इंजिनाला टर्बो लावताना आपण त्याच जागी उभे असतो. फरक इतकाच, की आता हाताशी ईसीयू, म्हणजे इंधन आणि ठिणगी सांभाळणारा इंजिनाचा संगणक आहे.

म्हणून माझा ठोकताळा असा आहे. इंजिन धडधाकट असेल, कॉम्प्रेशन १० च्या आसपास असेल आणि मूळच्या ताकदीत ३०-४० टक्के वाढ पुरत असेल, तर इंजिन न खोलता ०.४ ते ०.५ बारवर टर्बो लावायला हरकत नाही. त्यापुढे जायचं असेल तर पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड बदलावे लागतात, आणि मग टर्बो ‘सोपा’ राहतच नाही. इंजिन कमी फेऱ्यांवर (आरपीएमवर) असताना एकदम भरपूर बूस्ट देणं सगळ्यात वाईट. रॉड वाकतात ते तिथेच.

टर्बोचं काम कोणत्या क्रमानं करायचं

सुरुवात टर्बोपासून करू नका, इंधन आणि ईसीयूपासून करा. एक हिशेब मांडून बघू. बूस्टवर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाला एका अश्वशक्तीमागे मिनिटाला साधारण ६.३ सीसी पेट्रोल लागतं असं धरा. १८० अश्वशक्ती हवी असेल तर मिनिटाला ११३४ सीसी. पेट्रोल फवारणारे चार इंजेक्टर असतील तर प्रत्येकी २८४. पण इंजेक्टर पूर्णवेळ उघडा ठेवायचा नसतो, ८० टक्क्यांवर थांबायचं, म्हणून २८४ भागिले ०.८, म्हणजे ३५५ सीसीचा इंजेक्टर. मूळ इंजेक्टर याहून लहान असेल तर बदला, आणि पंप तेवढं पेट्रोल दाबासकट देतो का तेही मोजून बघा.

मग सेन्सर. साध्या गाडीतला मॅप सेन्सर, म्हणजे आत येणाऱ्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर, बहुधा एक बारपर्यंतच मोजतो. बूस्ट सुरू झाला तरी तो ‘एक बार’ एवढंच सांगत राहतो, ईसीयू त्या हिशेबानं कमी पेट्रोल सोडतो, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जातं. दोन किंवा तीन बारचा सेन्सर बसवा. ईसीयू असा हवा की ज्यात इंधन आणि टायमिंग (ठिणगी कधी पाडायची ते) या दोन्हींचे नकाशे, म्हणजे आकड्यांचे तक्ते, बदलता येतात. नुसता इंधनाचा दाब वाढवून भागवायचे जुने जुगाड आजही कोणी सुचवतं. माझ्या गाडीत मी ते करणार नाही.

हे ठरलं की मॅनिफोल्ड, टर्बो, वेस्टगेट, डाउनपाइप, इंटरकूलर आणि पाइपिंग. टर्बो लहानच घ्या. मोठा टर्बो दिसायला छान, पण लहान इंजिनावर तो जागा होईपर्यंत गिअर बदलायची वेळ येते. वेस्टगेट म्हणजे जादा एक्झॉस्ट वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, बूस्टवर ताबा तिचा. त्याबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्याच्या स्प्रिंगपेक्षा कमी बूस्ट मिळत नाही, म्हणून ०.५ बार हवा असेल तर स्प्रिंगही तेवढीच निवडा. आणि वेस्टगेट लहान पडला तर फेऱ्या वाढतील तसा बूस्ट आपणहून चढत जातो. स्पार्क प्लग एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे घ्या आणि गॅप ०.६ ते ०.७ मिमीवर आणा, नाहीतर बूस्टमध्ये ठिणगी विझून मिसिंग होतं. क्रँककेसच्या ब्रीदर नळीत आणि ब्रेक बूस्टरच्या नळीत चांगले एकेरी व्हॉल्व्ह आहेत ना, ते बघा.

सगळ्यात जास्त गाड्या मात्र अडतात त्या एका क्षुल्लक नळीपाशी. टर्बोच्या बेअरिंगला ऑइल दाबानं येतं, पण परत जाताना ते फक्त उतारानं जातं. शिवाय जाताना त्यात हवा मिसळून फेस झालेला असतो. त्यामुळे परतीची नळी जाड हवी, आतून निदान १६ मिमी, सलग उताराची, आणि ऑइल चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेली. माझ्या पहिल्या टर्बोनं आयडलिंगला निळा धूर सोडला. सील गेलं म्हणून टर्बो उतरवला, दांडा हलवून बघितला, खेळ अजिबात नाही. परत बसवला, परत धूर. दोन रविवार असे गेल्यावर खाली झोपून बॅटरी मारली तेव्हा दिसलं, की परतीची नळी मधेच झोळीसारखी लोंबत होती. ऑइल तिथे तुंबायचं आणि सीलमधून वाट काढायचं. नळी चार बोटं आखूड केली, धूर बंद. चेंबरला भोक पाडायचं असेल तर तो उतरवून पाडा. गाडीखाली झोपून ड्रिल मारलंत तर धातूचा कीस थेट बेअरिंगमध्ये जातो. आणि ऑइलच्या जोडांना गॅस्केटची पेस्ट फासू नका, तिचा एक तुकडा तुटून अडकला तरी टर्बो गेला.

स्वॅप करायचा तर

इथली पहिली पायरी गॅरेजमध्ये नाही, कागदावर आहे. तुमच्या गाडीत तेच इंजिन आधी कोणी बसवलंय का ते शोधा. बसवलं असेल तर माउंटिंगपासून एक्झॉस्टपर्यंत बहुतेक अडचणींना उत्तरं तयार मिळतात. नसेल, तर पहिल्याच कामात तुम्ही पायवाट पाडायला निघालात असं समजा.

इंजिन आत मावतं का, एवढाच प्रश्न नसतो. ऑइल चेंबर क्रॉसमेंबरला घासतो का, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टिअरिंगच्या दांड्याला आडवा येतो का, बोनेट बंद होतं का, पुढच्या चाकांवर वजन किती वाढलं? आणि गिअरबॉक्स जुळतो का? होंडाचं उदाहरण बोलकं आहे. नव्वदच्या दशकातल्या सिव्हिकमध्ये के मालिकेचं इंजिन बसवणं हा जगभर आवडता स्वॅप. पण जुन्या बी मालिकेच्या तुलनेत ते उलट दिशेनं फिरतं आणि त्याचा एक्झॉस्ट मागे, केबिनच्या बाजूला असतो. जुना गिअरबॉक्स चालत नाही, माउंटिंग वेगळी, एक्झॉस्टचा मार्गही वेगळा. कंपनी एकच असली म्हणून इंजिन सरळ बसेल असं नसतं. याउलट छोट्याशा माझदा एमएक्स-५ मध्ये जनरल मोटर्सचं ५.७ लिटरचं एलएस मालिकेचं व्ही-८ लोक बसवतात आणि ते बसतंही, कारण त्याचा कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये असतो, हेड आटोपशीर राहतात आणि इंजिन दिसतं तेवढं रुंद नसतं. त्या ताकदीला मूळ गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल पुरे पडत नाहीत, ते मात्र बदलावेच लागतात.

सुटं इंजिन घेण्यापेक्षा शक्य असेल तर अपघातात गेलेली अख्खी गाडी घ्या. इंजिन, गिअरबॉक्स, ईसीयू, वायरिंग हार्नेस, किल्ली आणि इमोबिलायझर, अॅक्सिलरेटर पेडल, सगळे ब्रॅकेट आणि नटबोल्ट एकत्र मिळतात. सुटं इंजिन स्वस्त वाटतं, पण त्याच्यासोबत न आलेली प्रत्येक वस्तू नंतर शोधावी लागते. ते इंजिन मूळ गाडीत सुरू करून ऐकता आलं तर उत्तमच.

उतरवताना प्रत्येक कनेक्टरवर कागदी टेप लावून नाव लिहा आणि फोटो काढा. हार्नेसला कटर लावू नका. ‘नंतर जोडू’ म्हणून कापलेल्या वायरी नंतर सगळ्या सारख्याच दिसतात. इंजिन बाहेर असताना टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकचं मागचं सील, क्लच प्लेट आणि रबरी नळ्या बदलून टाका. मागचं सील म्हणजे एक साधी रबरी चकती, पण गाडीत बसल्यावर ती बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

इंजिन क्रेनवरून आत सोडायला एक दिवस पुरतो. त्या दिवशी फोटो काढले जातात, पार्टी होते आणि काम संपल्यासारखं वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं: वायरिंग. अलीकडच्या गाड्यांत इंजिन, एबीएस, मीटर आणि पॉवर स्टिअरिंग एकमेकांशी सतत बोलत असतात. इंजिन बदललं की ही चर्चा बंद पडते. मीटर मेल्यासारखा बसतो, स्टिअरिंग जड होतं, एसी चालत नाही. जुन्या गाडीत जुनंच इंजिन टाकलं तर हा भाग सोपा. तुमच्याकडे वायरिंगचा नकाशा वाचणारा माणूस नसेल तर स्वॅपच्या फंदात पडू नका, मग हातात पाना कितीही चांगला चालत असो.

मधली वाट

बहुतेक नवख्यांना मी हीच सुचवतो, आणि बहुतेकांच्या ती लक्षातच आलेली नसते. तुमच्या इंजिनाची टर्बो आवृत्ती कारखान्यानंच बनवली होती का ते बघा. टोयोटाच्या २जेझेड या तीन लिटरच्या इंजिनाची साधी जीई आवृत्ती १० ला एक कॉम्प्रेशनची, तर टर्बो असलेली जीटीई ८.५ ला एक, शिवाय तिच्यात पिस्टनला खालून ऑइलचा फवारा देणारे नोझल आहेत. निसानच्या एसआर२० मध्येही अशी जोडी आहे. ब्लॉक त्याच कुटुंबातला असल्यामुळे माउंटिंग आणि गिअरबॉक्स पुष्कळदा जुळतात, आणि पिस्टन, ऑइलचे मार्ग, ईसीयू हे सगळं बूस्टसाठी आधीच विचार करून केलेलं असतं. म्हणजे कष्ट स्वॅपपेक्षा कमी आणि निर्धास्तपणा टर्बोपेक्षा जास्त.

सुरू करताना आणि नंतर

ताकद वाढवण्याआधी ब्रेक, टायर आणि रेडिएटर त्या लायकीचे करा. क्लचवरही लक्ष ठेवा. चढाला फेऱ्या वाढल्या आणि वेग वाढला नाही तर प्लेट घसरतेय.

पहिल्या स्टार्टला इंधन आणि इग्निशन बंद ठेवून, ऑइलचा दाब दिसेपर्यंत सेल्फ मारा. टर्बोत आधी हातानं थोडं ऑइल घाला. मग सुरू करा, गळती बघा, तापू द्या, पूर्ण थंड होऊ द्या, आणि मॅनिफोल्डचे बोल्ट परत आवळा. असं दोन-तीनदा. ईसीयूचं ट्यूनिंग होईपर्यंत बूस्टमध्ये जायचंच नाही, ‘एकदाच बघू’ म्हणूनही नाही.

ट्यूनिंग डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), वाइडबँड ओटू मीटर (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) लावून करून घ्या. साध्या चालीत हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला एक असतं, पूर्ण बूस्टमध्ये ते साडेअकरा ते बाराच्या दरम्यान हवं. ट्यूनर जास्त अश्वशक्तीचा आकडा दाखवायला उतावीळ असेल तर त्याला टायमिंग दोन अंश मागे ठेवायला सांगा. आकडा थोडा उतरेल, उन्हाळ्यात इंजिन वाचेल. वाइडबँड मीटर काढू नका, डॅशबोर्डवर राहू द्या.

नंतरच्या पहिल्या काहीशे किलोमीटरांत ऑइल एकदा बदला आणि फिल्टर कापून आत धातूची चमक आहे का बघा. प्लगही काढा. भिंगाखाली प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले, तर ते नॉकिंगचं लक्षण, आणि चमकते दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे. गाडी तिथेच उभी करा आणि ट्यूनरला फोन लावा.